अठ्ठावीस कोअर की सहा? एका वाचनालयाच्या संगणक-खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे वाचनालय, शंभरी केव्हाच ओलांडलेलं. गावाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. माळ्यावरच्या कपाटांत जुनी मासिकं, दिवाळी अंक आणि पूर्वी गावातून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे बांधीव खंड आहेत. त्या साप्ताहिकाची दुसरी प्रत कुठे असल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. कागद इतका कडक झालेला की पान उलटताना कोपऱ्याचा तुकडा बोटांत राहतो. ग्रंथपाल ताईंनी असे तुकडे ठेवायला एक काड्यापेटीच केली आहे, खंडागणिक चिठ्ठी लावून.

गावातूनच शिकून परदेशी गेलेल्या एका जुन्या वाचकाने दीड लाख रुपये पाठवले, या खंडांचं डिजिटायझेशन व्हावं म्हणून. कॅमेरा, दिवे आणि पुस्तक उघडं धरणारा लाकडी पाळणा आधीच्या देणगीतून आला होता. प्रश्न संगणकाचा होता. मी शेजारच्या शहरात हार्डवेअर आणि नेटवर्कची कामं करतो आणि लहानपणी याच वाचनालयात पडीक असायचो, त्यामुळे कार्यवाह सरांनी मला बोलावलं.

काम असं चालायचं: दोन मुली आलटून पालटून पानांचे फोटो काढतात आणि साफ करतात. साफ करायचं म्हणजे पान सरळ करायचं, कडा छाटायच्या, जोडपान असेल तर वेगळं करायचं. हे ‘स्कॅन टेलर’मध्ये होतं. मग ‘टेसरॅक्ट’ ते पान वाचून मजकूर काढतं आणि शेवटी शोध घेता येईल अशी पीडीएफ तयार होते. टेसरॅक्ट मूळ एचपी कंपनीत जन्मलेलं, २००५ साली मुक्त झालेलं सॉफ्टवेअर. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते अक्षर सुटं ओळखण्याऐवजी अख्खी ओळ न्यूरल नेटवर्कने वाचतं. देवनागरीला याचा मोठा फायदा झाला, पण गणित वाढलं. म्हणजेच प्रोसेसरचं काम वाढलं.

एकूण पानं साधारण १ लाख १० हजार. दोघी मिळून दिवसाला ७५० पानांपर्यंत जायच्या.

अडचण

वाचनालयातला संगणक होता आय३-२१२०चा. दोन कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), ३.३ गिगाहर्ट्झ, २०११ सालचा प्रोसेसर. महिनाभरात फोटो काढून झालेली पण साफ न झालेली नऊ हजार पानं साचली. मुली म्हणायच्या, “दादा, नुसतं गोल फिरतंय.” रात्री टेसरॅक्ट लावून गेलं तर सकाळी ते अर्ध्यावर असायचं.

सर मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन आले ते दोन कोटेशनं घेऊन. पहिलं होतं जुन्या रॅक सर्व्हरचं, दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे) प्रोसेसरवाल्या. दुसरं नव्या डेस्कटॉपचं, आय५-१२४०० घातलेल्या. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, “एकीकडे अठ्ठावीस कोअर, दुसरीकडे सहा. किंमत दीडपटीच्याही आत. यात विचार करण्यासारखं आहे तरी काय?”

कागदावर त्यांचं बरोबर होतं. तिथूनच प्रकरण सुरू होतं.

समोरचे पर्याय

सर्व्हरचं आधी सांगतो, कारण त्यातही दोन पिढ्यांचा घोळ होता. व्यापाऱ्याने सर्वांत स्वस्त दाखवला तो ३२ हजारांचा, दोन ई५-२६७० घातलेला. २०१२ साली आलेला, आठ कोअरचा प्रोसेसर. स्वस्ताई भुरळ घालणारी होती. पण त्या पिढीत ‘एव्हीएक्स२’ सूचनासंच नाही. झिऑनच्या या मालिकेत तो तिसऱ्या पिढीत, व्ही३ मध्ये आला. टेसरॅक्टचं न्यूरल नेटवर्क ज्या गुणाकार-बेरजांवर चालतं, त्यांना हा संच एका झटक्यात जास्त आकडे हाताळू देतो. म्हणून तो सर्व्हर तिथेच बाद केला. जुना झिऑन घेणाऱ्याने कोअर मोजण्याआधी नावाच्या शेवटचा ‘व्ही’ बघावा, असं मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत आलो आहे.

दुसरा सर्व्हर ५८ हजारांचा. त्यात दोन ई५-२६८० व्ही४, ६४ जीबी रॅम, डिस्क नाहीत. “बँकेतून निघालेला माल आहे साहेब, एसीत वाढलेला,” असं व्यापारी म्हणाला. या प्रोसेसरची गोष्ट अशी: इंटेलने तो मार्च २०१६ मध्ये बाजारात आणला तेव्हा एकाची छापील किंमत १,७४५ डॉलर होती. चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड (थ्रेड म्हणजे कामाची एकेक धार; इथे एक कोअर अशा दोन सांभाळतो), ३५ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी), १२० वॅट. मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, एखाददुसराच कोअर कामाला असेल तर ३.३ पर्यंत. रॅमच्या चार वाहिन्या, ईसीसी (स्वतःची चूक ओळखून सुधारणारी) रॅम, बाहेरच्या कार्डांसाठी पीसीआय एक्सप्रेसच्या ४० लेन. दोन प्रोसेसर, म्हणून वेग सोडून हे सगळं दुप्पट.

आय५-१२४०० जानेवारी २०२२ चा. सहा कोअर, बारा थ्रेड, १८ एमबी कॅश, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, वर ४.४ पर्यंत. ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण जोरात धावताना ११७ पर्यंत जायची त्याला परवानगी असते. रॅमच्या दोन वाहिन्या. ग्राफिक्स आतच, वेगळं कार्ड नको. तयार डेस्कटॉप १६ जीबी रॅम आणि ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान) डिस्कसह ४१ हजारांना, मॉनिटर आपला.

मूळ वेगाचे आकडे बघा: २.४ आणि २.५. सर म्हणाले, “वेग तर सारखाच आहे.” इथे बहुतेकांची गल्लत होते. गिगाहर्ट्झ म्हणजे पावलांची संख्या. एका पावलात किती अंतर कापलं जातं हे त्यातून कळत नाही. २०१६ च्या कोअरपेक्षा २०२२ चा कोअर घड्याळाच्या एका ठोक्यात बरंच जास्त काम उरकतो, आणि वर त्याचे ठोकेही जास्त पडतात. पण “बरंच” म्हणजे किती, हे तोंडी सांगून सरांना पटणार नव्हतं. खरं तर आमच्या कामापुरतं ते मलाही माहीत नव्हतं.

तिसरा पर्याय क्लाउडचा होता. पानामागे पैसे देऊन मजकूर काढून घ्यायचा. कार्यकारिणीने तो एका वाक्यात संपवला: देणगी एकदाच येते, बिल दर महिन्याला.

चाचणी

व्यापारी भला होता. अनामत घेऊन त्याने सर्व्हर आठवडाभर वापरून बघायला दिला. आय५चं मशीन माझ्याच दुकानात होतं, ते उचलून आणलं. आम्ही २०० पानं निवडली: गुळगुळीत दिवाळी अंकांची, दोन रकान्यांच्या मासिकांची, आणि साप्ताहिकाची सर्वांत फिकट. दोन्हीकडे लिनक्स, टेसरॅक्टची तीच आवृत्ती, तेच मराठी मॉडेल (मराठी वाचायला शिकवलेलं न्यूरल नेटवर्क).

सर्व्हर चालू केला तो वाचन कक्षाच्या मागच्या खोलीत. बटण दाबताच पंखे पूर्ण वेगाने सुटले. गिरणीचा पट्टा सुरू झाल्यासारखा आवाज. दाराजवळ रोज पेपर वाचायला बसणारे एक आजोबा चष्मा काढून आत डोकावले आणि विचारते झाले, “पीठ कधी मिळेल?” दोन मिनिटांत पंखे शांत झाले, म्हणजे शांततेच्या रॅक सर्व्हरच्या व्याख्येपुरते. त्यात वाचनालयाचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅट पेलणारा. सर्व्हरवर पूर्ण भार आला तेव्हा सॉकेटला लावलेल्या मीटरवर ३९० वॅट दिसले, यूपीएस कोकलायला लागला आणि मिनिटभरात सगळं बंद. पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी थेट भिंतीतून वीज घेतली.

मग पहिला आकडा आला आणि मी चक्रावलो. सर्व्हरला २०० पानांना अकरा मिनिटं, आय५ला दहा. अठ्ठावीस कोअर सहांच्या मागे! मी जवळजवळ तिथेच निकाल देऊन मोकळा होणार होतो. जुनं ते जुनंच, असं वाक्यही तोंडावर आलं होतं. पण प्रोसेसवार भार पाहिला तेव्हा गोम कळली. टेसरॅक्ट एका पानासाठी स्वतःच चार थ्रेड उघडतं. मी सर्व्हरवर एका वेळी ५६ पानं सोडली होती, म्हणजे ५६ थ्रेडच्या जागी सव्वादोनशे थ्रेड रेटारेटी करत होते. एसटीत बसायला जागा ५६ आणि चढले सव्वादोनशे. गाडी हलणार कशी?

पानामागे एकच थ्रेड अशी मर्यादा घातली. ती एका ओळीची सेटिंग आहे. पानं एकमेकांवर अवलंबून नसतात, तेव्हा प्रत्येक थ्रेडला एक अख्खं पान देणं सर्वांत फायद्याचं. पुन्हा धाववलं: सर्व्हर २ मिनिटं ५५ सेकंद, आय५ ७ मिनिटं १० सेकंद.

आता चित्र वेगळं दिसलं. सर्व्हर दुपटीहून थोडा जास्त वेगवान. पण कोअर साडेचार पटींहून जास्त, मग काम दुप्पटच का? उत्तर एकट्या पानाच्या चाचणीत होतं. एकच पान, एकच थ्रेड: आय५ १४ सेकंद, झिऑन २६ सेकंद. आणि सगळे कोअर एकदम जुंपले की झिऑनचा वेग ३.३ वर राहत नाही, २.९ च्या आसपास येतो. थोडक्यात, माणसं साडेचारपट, पण प्रत्येक माणूस निम्म्या वेगाचा.

इथवर सर खूश होते. “दुप्पट तर दुप्पट. सर्व्हरच घेऊ.”

निर्णयाची खरी जागा

खरं तर इथेच मी थांबलो असतो, पण चाचणीच्या तिसऱ्या दिवशी साफसफाईच्या टेबलाशी बसून राहिलो होतो. मुलगी एक पान उघडते, थांबते. चौकट ओढते, थांबते. पान सरळ करते, थांबते. जुन्या आय३वर प्रत्येक थांबा पाच सेकंदांचा, एका पानाला असे तीन. म्हणजे पानामागे पंधरा सेकंद ती हात मांडीवर ठेवून बसलेली. मी घड्याळ लावून मोजलं तेव्हा ती हसून म्हणाली, “एवढ्या वेळात मी एक ओवी म्हणून घेते.”

तेच काम सर्व्हरवर करून पाहिलं. एका पानावरची एक क्रिया बहुतांशी एकाच कोअरवर चालते. उरलेले सत्तावीस बघत बसतात. थांबा पाचाचा सव्वाचार सेकंदांवर आला. दहा वर्षं जुन्या आय३हून एवढाच फरक! आय५वर तो सव्वादोन सेकंदांच्या आत.

मग सरांच्याच फळ्यावर हिशेब मांडला. रोजची ७५० पानं, पानामागे पंधराऐवजी साडेसहा सेकंद थांबायचं. दिवसाला तीन तासांहून जास्त असलेला थांबा सव्वा तासाच्या थोडा पुढे येतो. पावणेदोन तास वाचतात, आणि ते माणसांचे.

आता टेसरॅक्टची बाजू. रोज ७५० पानंच येणार. ती वाचायला आय५ला सत्तावीस मिनिटं लागणार, सर्व्हरला अकरा. वाचनालय संध्याकाळी आठला बंद होतं, सकाळी आठला उघडतं. रात्रीच्या बारा तासांत सत्तावीस मिनिटांचं काम आणि अकरा मिनिटांचं काम यांत कुणाला काय फरक पडतो? अख्खा १ लाख १० हजार पानांचा साठा एकदम वाचायचा म्हटला तरी आय५ला पावणेतीन दिवस आणि सर्व्हरला सव्वा दिवसाच्या आत. आणि फोटो काढून पानं साफ व्हायलाच मुळात सात-आठ महिने.

रांग टेसरॅक्टच्या दारात नव्हतीच. जुन्या आय३वर ते रात्रभर पुरायचं नाही, याचं कारण थोडं प्रोसेसरचं आणि बरंचसं त्या थ्रेडच्या सेटिंगचं होतं. रांग होती साफसफाईच्या टेबलाशी, आणि ती अठ्ठावीस कोअरनी हलणारी नव्हती.

सर फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी भाजकाने भागायचं सोडून गुणत होतो.”

विजेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण त्यात माझा स्वतःचा अंदाज चुकला. “जुना सर्व्हर वीज खातो” हे मी आधीपासून छातीठोक सांगत होतो. मीटरने ते निम्मंच खरं ठरवलं. अख्खा साठा एकदा वाचायला सर्व्हर साधारण साडेदहा युनिटं घेणार होता आणि आय५ सात. युनिटला दहा रुपये धरले तरी फरक पस्तीस रुपयांचा. खरी खादाडी रिकामपणी. काहीही न करता सर्व्हर १२० वॅट ओढत होता, डेस्कटॉप २८. सर्व्हर महिनाभर चालूच ठेवला तर सुमारे ८६ युनिटं, म्हणजे साडेआठशे रुपयांच्या पुढे, नुसतं बसून राहण्याचे.

सर्व्हरच्या बाजूने दोन गोष्टी अजूनही उभ्या होत्या. एक, पुढून काढता-घालता येणाऱ्या डिस्कचे कप्पे. आमच्या मासिकाच्या आकाराचं एक रंगीत पान ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), दाबून लहान न करता, ३० एमबीच्या वर जातं. सगळ्यांचे मिळून तीन टेराबाइटांच्या पुढे. दुसरी ईसीसी रॅम. रॅममध्ये एखादा बिट उलटला तर ती तो ओळखते आणि दुरुस्त करते. आय५-१२४०० आणि आम्ही घेत होतो तो साधा मदरबोर्ड या जोडीत ती सोय नाही. मी हे बैठकीत सांगितलं, पण चहा आल्यावर, उठता उठता. त्याचं पुढे काय झालं ते खाली येतंच.

काय केलं

आय५चे दोन डेस्कटॉप घेतले, प्रत्येकी ४१ हजारांचे. दोघी मुलींना एकेक. एकीने फोटो काढायचे आणि दुसरीने साफ करायचे ही आलटापालट बंद करून दोघींनी अर्धा दिवस हे, अर्धा दिवस ते, असं बसवलं. आठ टेराबाइटच्या दोन डिस्क घेऊन एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर राहील अशी व्यवस्था केली; त्या एका डेस्कटॉपमध्येच बसवल्या. एक बरा यूपीएस घेतला. थोडे पैसे उरले, ते खजिनदारांनी हट्टाने बँकेत ठेवले. सर्व्हर परत गेला. व्यापाऱ्याने अनामतीतून गाडीभाडं कापून घेतलं, ते रास्तच होतं.

एक शंका वाचकांना येईल: विंडोज ११ जुन्या झिऑनवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, हे कारण नव्हतं का? आमच्यासाठी नव्हतं, कारण सगळं लिनक्सवर होतं. पण रोजच्या कार्यालयीन कामाला असं मशीन घेणाऱ्याने ते आधी बघावं.

काय झालं

साचलेली नऊ हजार पानं पाच आठवड्यांत संपली, रोजची नवी पानं सांभाळून. रोजचा आकडा ७५० वरून हजाराच्या आसपास स्थिरावला. टेसरॅक्ट रात्री नऊला सुरू व्हायचं आणि माझ्या मोबाइलवर त्याचा “झालं” असा निरोप दहाच्या आत यायचा.

चौथ्या महिन्यात सर्व्हरची आठवण काढायची वेळ आली. जुन्या छपाईतली पानं वाचताना मराठी मॉडेल अडखळत होतं. १९६२ च्या नियमांआधीचे अनुच्चारित अनुस्वार ते गाळायचं. “नांव”चं “नाव”, “घरें”चं “घरे”. काही मासिकांत सावरकरी पद्धतीची अ-ची बाराखडी होती, “अि” आणि “अु”वाली. तिथे तर भलतंच काही उमटायचं. मराठी मॉडेलच्या जोडीला सबंध देवनागरी लिपीचं मॉडेल लावून पाहिलं. अनुस्वार बऱ्यापैकी परत आले. सावरकरी बाराखडी आली नाही, ती आजही हाताने दुरुस्त होते. पण जोडमॉडेलला वेळ दुपटीच्या वर लागतो, आणि तोवरची सगळी, ५८ हजार, पानं पुन्हा वाचून घ्यायची होती. सर्व्हर असता तर दीड दिवसात झालं असतं. आम्ही दोन्ही डेस्कटॉपांवर चार रात्री लावल्या. चार रात्रींनी कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते पाचव्या महिन्यात. ताई जुनं साप्ताहिक चाळत होत्या, पडद्यावर. मला फोन आला: “अरे, पानाच्या मधोमध जांभळी रेघ आहे. कागदावर नाही.” आणखी पानं काढली, काहींवर तशाच रेघा, एक फाइल तर उघडेचना. आधी डिस्कवर संशय गेला, मग केबलवर. रात्रभर रॅमची चाचणी लावली आणि सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. १६ जीबीतली एक पट्टी खराब झाली होती, आणि नेमकी त्याच मशीनची, ज्यातून पानं मोठ्या डिस्कवर जायची.

पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. नुकसान त्याने भरून येत नव्हतं. केव्हापासून? पहिलं बिघडलेलं पान सापडलं ते अकरा कामाच्या दिवसांपूर्वीचं. त्या काळात दोन्ही मशीनची मिळून अकरा हजारांवर पानं त्यातून गेली होती. उघड बिघडलेली ३७. पण उघड न दिसणाऱ्यांचं काय? दाबून ठेवलेल्या फाइलीत बिट उलटला तर ती बहुधा उघडताना तक्रार करते. न दाबलेल्या चित्रात तो कुठल्यातरी ठिपक्याचा रंग बदलतो आणि गप्प बसतो. कॅमेऱ्याची कार्डं दर आठवड्याला पुसली जायची, त्यामुळे पडताळायला मूळ फोटोही शेवटच्या काही दिवसांचेच होते. डिस्कची हुबेहूब नक्कल होतीच. तिने बिघडलेली पानंही इमानाने, हुबेहूब जपली होती.

ईसीसी रॅमच्या सर्व्हरने पहिल्याच दिवशी नोंद केली असती आणि किरकोळ चुका परस्पर सुधारल्या असत्या. सरांनी एका शब्दानेही मला हे ऐकवलं नाही, ते जास्त लागलं.

तेव्हा निर्णय घ्यावा लागला: अकरा हजार पानं पुन्हा काढायची का? ताईंचा कौल निर्णायक ठरला. मासिकांच्या प्रती इतरत्र मिळू शकतात. त्यांतली ३७ मधली बिघडलेली तेवढी पुन्हा काढा. साप्ताहिकाची मात्र त्या अकरा दिवसांतली सगळी, सुमारे नऊशे, पुन्हा काढा. ती काढली. पाळण्यात खंड दुसऱ्यांदा उघडला तेव्हा काड्यापेटीत आणखी काही कोपरे जमा झाले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे, मी कोटेशन यायच्या आधीच साफसफाईच्या टेबलाशी बसायला हवं होतं. दोन प्रोसेसरांची तुलना सुरू करण्याआधी एका पानाचा प्रवास पाहिला असता तर सर्व्हर आणण्या-नेण्याचा आठवडा आणि गाडीभाडं वाचलं असतं. अर्थात मग थ्रेडच्या सेटिंगचा शोध लागला नसता, आणि खरी बचत काही अंशी तिथेही होती.

दुसरं, ईसीसीचा मुद्दा. मी त्याला प्रोसेसरच्या शर्यतीत घातलं, तिथे तो हरणारच होता. तो वेगळा प्रश्न होता: वेगाने काम कोण करणार हे एक, आणि झालेलं काम सांभाळणार कोण हे दुसरं. दोन्हींना एकच मशीन हवं असा कुणी नियम केलेला नव्हता. मी मात्र तसंच धरून चाललो, कारण कोटेशनचे कागद दोनच होते.

तिसरं सर्वांत स्वस्त. पान कॅमेऱ्यातून पहिल्यांदा संगणकावर उतरताच त्याची चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नोंदवायची आणि प्रत्येक नकलेनंतर ती जुळते का बघायची. याला एक छोटी स्क्रिप्ट पुरते, खर्च शून्य. खराब रॅम पहिल्याच संध्याकाळी पकडली गेली असती. आता ती स्क्रिप्ट आहे, आणि चेकसम जुळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही असा कागद मुलींनी स्वतःच कॅमेऱ्याच्या स्टँडला चिकटवला आहे.

एका बाबतीत मी आजही साशंक आहे. १६ ऐवजी सुरुवातीलाच ३२ जीबी रॅम घेतली असती, तर आय५वर बाराही थ्रेडना जड पानं मोकळेपणी देता आली असती. साप्ताहिकाच्या मोठ्या पानांवेळी मला आठांवरच थांबावं लागायचं. पण जास्त पट्ट्या म्हणजे बिघडायला जास्त जागा, असं खजिनदार म्हणतात, आणि सध्या त्यांच्याशी वाद घालायच्या स्थितीत मी नाही.

बँकेत ठेवलेल्या पैशांतून सहा महिन्यांनी एक जुना टॉवर सर्व्हर घेतला. त्यात झिऑन ई३-१२२० व्ही५, २०१५ चा, आणि ईसीसी रॅम. टॉवर असल्याने पंखा मोठा आणि संथ, आवाज जवळजवळ नाही. दोन्ही मोठ्या डिस्क त्यात हलवल्या. तो पानं वाचत नाही, साफ करत नाही. फक्त ठेवून घेतो आणि दर रविवारी सगळ्या चेकसम पुन्हा जुळवून बघतो. जिन्याखालच्या कोपऱ्यात तो बसवत होतो तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले आणि विचारलं, “हा पण झिऑनच ना? कोअर किती?”

“चार.”

“पुरे,” ते म्हणाले, आणि पेपरच्या टेबलाकडे गेले.